मोबाईलचा मॅप की कागदाचा नकाशा? नाशिकहून भरलेली गाडी काढायच्या आधी रूट कसा ठरवायचा

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, मोबाईलमधल्या मॅपला माहितीच नसतं की तुम्ही ट्रक चालवताय. गुगल मॅपमध्ये कारचं चित्र आहे, बाईकचं आहे, ट्रकचं नाही. बारा टायरमध्ये पंचवीस टन कांदा भरलाय का रिकामी गाडी घेऊन चाललाय, कंटेनर जमिनीपासून किती वर गेलाय, ट्रेलर त्या वळणात बसेल का, यातलं काही म्हणजे काही तो विचारत नाही. अमेरिका-युरोपात ट्रकवाल्यांसाठी वेगळे नेव्हिगेशनचे डबे मिळतात, त्यात उंची, वजन, लांबी टाकली की तो कमी उंचीचा पूल टाळून रस्ता काढून देतो. आपल्या नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलवर मात्र ज्याच्या त्याच्या हातात कारवाल्याचाच मॅप, आणि त्याच्या भरवशावर सगळे बिनधास्त निघतात. म्हणून माझी पद्धत सांगतो, रूट आपण बसून कागदावर ठरवायचा आणि मग मोबाईलला तो तुकड्या-तुकड्यानं भरवायचा.

कागद म्हटलं की नवीन पोरं हसतात, हसू द्या. कागदावर नाशिकपासून सुरतपर्यंत सगळं एका नजरेत दिसतं, कुठे डोंगर आडवा येतोय, कुठे दुसरा रस्ता फुटतोय, एक बंद झाला तर कुठून वळता येईल. मोबाईलवर तेच बघायचं तर झूम बाहेर घेतला की गावांची नावं गायब आणि आत घेतला की फक्त पुढचे दोन किलोमीटर.

नकाशा कुठला घ्यायचा? पुस्तकाच्या दुकानात महाराष्ट्राचा रोड मॅप किंवा भारताचा रोड अ‍ॅटलस मिळतो, तो पुरतो, फक्त छापल्याचं साल बघून घ्या. सोपी खूण म्हणजे समृद्धी महामार्ग शोधा. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा तुकडा जून २०२५ ला. नकाशात समृद्धी शिर्डीलाच संपत असेल तर तो जुना, आणि दिसतच नसेल तर रद्दीत घाला. दुसरा घोळ हायवेच्या नंबरांचा. जुन्या नकाशात मुंबई-आग्रा ३ नंबर आणि पुणे रोड ५० नंबर, २०१० ला सगळे नंबर बदलले, आता नाशिक-धुळे पण ६० आणि नाशिक-पुणे पण ६०. म्हणजे नवीन ड्रायव्हरला नुसतं '६० नंबरनं जा' सांगितलं तर तो नाशिकच्या द्वारका चौकातून कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. नंबर सांगू नका, गावं सांगा.

घाटाचा अंदाज घ्यायचा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट, म्हणजे जमिनीची उंची दाखवणारे सरकारी नकाशे बघा, त्यांच्या साईटवर पीडीएफ मिळतात. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि उंचीच्या रेषा २० मीटरच्या फरकानं असतात, रेषा जेवढ्या चिकटून तेवढा चढ खडा. रोज कोणी हे बघत नाही, बघायची गरजही नाही, पण नवीन रस्त्यानं पहिल्यांदा भरलेली गाडी घालायची असेल तर दहा मिनिटं घालवा. कसारा साधारण ३०० मीटरवर आणि इगतपुरी ६०० च्या आसपास, तेवढ्याशा अंतरात एवढा फरक आहे, रेल्वेला सुद्धा तिथे मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात, मग आपल्या गाडीचं काय होत असेल बघा.

अंतर मोजायला शिवणाचा दोरा घ्या. नकाशावर रस्त्याच्या वळणावळणानं दोरा बसवा, मग सरळ करून खालच्या स्केलवर धरा. घाटात वळणं नकाशात नीट छापलेली नसतात म्हणून तिथे थोडं जास्त धरा. कोणी म्हणेल मोबाईल एका सेकंदात सांगतो की, सांगतो ना, पण तो त्याच्या रस्त्याचं अंतर सांगतो, तुम्हाला तुमच्या रस्त्याचं पाहिजे.

आता रूट ठरवताना सुरुवात रस्त्यापासून करू नका, अडचणींपासून करा. पहिली उंची. टेप घ्या आणि माल भरून ताडपत्री बांधल्यावर मोजा, गाडीच्या कागदावर लिहिलंय तेवढी धरू नका. दिंडोरी-निफाडकडून द्राक्षाचे रीफर म्हणजे थंड कंटेनर न्हावाशेवा बंदराला जातात, त्यात हायक्यूब म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर एकटाच साडेनऊ फूट, खाली ट्रेलरची उंची धरली की साडेचौदा-पंधरा फुटांवर जातो. हायवेचा पूल असेल तर काही होत नाही, मोठ्या पुलांखाली जागा भरपूर असते. खरी भीती रेल्वेच्या छोट्या सबवेची, तिथे आडवा लोखंडी बार लावलेला असतो आणि मोबाईल बिनधास्त त्याच्याखालून रस्ता दाखवतो कारण कार जाते. आणि द्राक्षाच्या पट्ट्यात गावात शिरलात की लोंबकळणाऱ्या वायरी. कोल्ड स्टोरेजपर्यंतचे शेवटचे चार-पाच किलोमीटर हेच सगळ्यात खराब, क्लीनर टपावर बसून सुक्या बांबूनं केबलची वायर उचलतोय आणि ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये इंच इंच पुढे घेतोय हे तिकडे नेहमीचं दृश्य. केबलची असेल तर ठीक, विजेची तार असेल तर बांबू-बिंबू काही नाही, गाडी तिथेच थांबवा आणि पार्टीला, म्हणजे ज्याचा माल आहे त्याला, फोन लावा, दुसऱ्या बाजूनं रस्ता असतोच बहुतेक वेळा.

दुसरी अडचण घाट, तिसरी नो एन्ट्री. नाशिक शहरात, ठाण्यात, मुंबईत, सुरतला, प्रत्येक ठिकाणी अवजड गाड्यांच्या वेळा वेगळ्या आणि त्या बदलत राहतात. हे नकाशातही नसतं आणि मोबाईलवरही धड नसतं. त्यासाठी कालच त्या बाजूनं आलेल्या ड्रायव्हरला विचारा, टर्मिनलवर चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं की कोण कुठून आलाय ते कळतंच.

आता प्रत्यक्ष एक ट्रिप घेऊ. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरला, सुरतला जायचंय. मोबाईलला विचारलं की तो वणी, सापुतारा, वघईवरून रस्ता देतो, अडीचशे किलोमीटरच्या आत. धुळ्यावरून गेलात तर साडेतीनशेच्या आसपास. मालक म्हणणार शंभर किलोमीटरचं डिझेल वाचतंय जा की सापुताऱ्यानं. पण सापुतारा हिल स्टेशन आहे हो, वर चढायचं आणि मग पलीकडे जंगलातून वळणावळणानं लांबच्या लांब उतरायचं, पंचवीस टन मागून ढकलत असताना. पावसाळ्यात दरड आली की तासनतास अडकाल, कधी कधी अवजड वाहनांना बंदीही लागते. आयशर असेल, ड्रायव्हर त्या घाटाचा मुरलेला असेल, उन्हाळा असेल तर जा, माझी ना नाही. बारा-चौदा टायर आणि नवीन ड्रायव्हर असेल तर धुळ्यावरूनच. वापी-सिल्वासाला पेठवरून जातात त्यांनाही हेच, सावळघाट, कोटंबी घाट आणि पुढे कपराड्याजवळचा कुंभ घाट, तिथे ब्रेक तापून गाड्या उलटल्याच्या बातम्या काय कमी आल्यात का.

मग धुळ्याचा रूट ठरला की हिशोबाच्या वहीतलं एक उभं पान फाडा आणि पट्टी काढा. वरून खाली गावं, बाजूला काय करायचं ते. साधारण अशी:

पिंपळगाव: टोल. किलोमीटरचा आकडा लिहून घे
चांदवड: टोल. पुढे राहुड घाट उतार, उतार लागायच्या आधीच गिअर खाली पाडून घे
मालेगाव: बायपासनंच जायचं, गावात शिरायचं नाही
धुळे: डावीकडे सुरत रोड. जेवण इथेच, टायरवर हातोडी मारून बघ
साक्री, दहिवेल: पुढे कोंडाईबारी घाट उतार. घाटाच्या आधी थांब
नवापूर: बॉर्डर. डिझेल भरायचं का पलीकडे भरायचं ते त्या दिवशीचा भाव बघून
सोनगड, व्यारा, बारडोली: सरळ
कडोदरा: पार्टीला फोन. मार्केटला गाडी कधी आत घेतात ते विचारूनच पुढे

एवढंच. ही पट्टी समोर डॅशबोर्डवर चिकटवायची. हिला चार्जिंग लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि क्लीनर नवीन पोरगा असला तरी त्याला वाचून 'मामा, आता घाट येतोय' एवढं सांगता येतं. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका हे इथे लिहायची गरज नसावी पण लिहितो, डिझेल वाचवायच्या नादात लोक अजून करतात.

आता मोबाईलकडे या. पट्टीवरची गावं एक एक करून मॅपमध्ये थांबे म्हणून टाका, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे, साक्री, नवापूर असं. नुसतं सुरत टाकलं की तो परत सापुतारा दाखवणार, मध्ये धुळे टाकलं की झक मारत धुळ्यावरून नेतो. थांबा टाकताना गावाच्या मध्यावर टाकू नका, बायपासवरचा पेट्रोल पंप नाहीतर ढाबा धरा, नाहीतर तो तुम्हाला मालेगावच्या बाजारात घालून 'तुम्ही पोहोचलात' म्हणेल. मग सेटिंगमध्ये जाऊन 'टोल टाळा' चालू नाही ना ते बघा. हे फार लोकांना माहीत नसतं, मालकाच्या पोरानं कधीतरी कारसाठी चालू केलेलं असतं आणि मग ट्रक शेतातल्या रस्त्यानं जातो.

ऑफलाइन मॅप घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. उपग्रहाकडून जागा कळायला इंटरनेट लागत नाही, ते सिग्नल वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून सरळ मोबाईलला येतात, किमान चार उपग्रह दिसले की जागा कळते. इंटरनेट लागतं ते मॅपचं चित्र आणि ट्रॅफिक यायला. त्यामुळे पेठ-सुरगाण्याकडे, मोखाड्याकडे रेंज गेली की ठिपका बरोबर चालत असतो पण आजूबाजूला सगळं कोरं. मॅप आधी उतरवलेला असेल तर तो प्रश्न नाही. फक्त लक्षात ठेवा, ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक कळत नाही.

मोबाईल दोन-तीन ठिकाणी हमखास गंडतो. आपल्याच नाशिकच्या फ्लायओव्हरवर बघा, तुम्ही वर आहात का खाली सर्व्हिस रोडला हे त्याला नीट कळत नाही, वर असताना म्हणतो उजवीकडे वळा. कुठे वळू, कठड्यावरून? म्हणून मुंबई नाक्याच्या अलीकडेच ठरवा वरून जायचं का द्वारकेला खाली उतरायचं, आणि ते अंतर संपेपर्यंत त्याचं काही ऐकू नका. इगतपुरीचा समृद्धीचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा, आत आकाश नाही तर उपग्रह कुठला, ठिपका थांबतो किंवा अंदाजे सरकतो. घाबरायचं कारण नाही, बोगद्यात वळण थोडीच आहे.

आणि तिसरं, वाटेत तो मध्येच दुसरा रस्ता दाखवतो, 'बारा मिनिटं वाचतील'. नको म्हणायचं. कार असेल तर वाचतील, तुमची गाडी त्या गावच्या पुलावर अडकली तर बारा तास जातील. पण पुढे घाट बंद झालाय किंवा लांबच लांब लाल रेघ दिसतेय, तर मात्र गाडी ढाब्यावर घ्या, नकाशा उघडा आणि दुसरा रस्ता तुमच्या गाडीला झेपतो का ते बघून मग वळा. मोबाईलचा खरा उपयोग इथेच आहे. कसाऱ्यात ट्रक पलटी झालाय हे कुठला कागद सांगणार, मोबाईल घोटीलाच सांगतो. त्यावेळी इगतपुरीहून समृद्धीवर चढून आमण्याला उतरायचं, घाट पूर्ण टळतो, भिवंडीला जाणाऱ्यांना तर सोयीचंच. टोल जड जातो हे खरं, तो भाडं ठरवतानाच पार्टीशी बोलून ठेवा, नंतर कोणी देत नाही.

आता लोकेशनचा विषय, यात सगळ्यात जास्त पैसे जातात. पार्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पिन पाठवते आणि ड्रायव्हर बघत पण नाही. एक गोंदे मुंबई हायवेला वाडीवऱ्हेजवळ, गोंदे दुमाला, तिथे कंपन्या आहेत, आणि दुसरं गोंदे सिन्नर तालुक्यात, जिथे समृद्धीवर चढतात. दोघांमध्ये अर्धा दिवस जातो. आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याला पार्टीनं फोनवर नुसतं 'गोंदे' सांगितलं, त्यानं नाव टाकलं, पहिलं आलं ते दाबलं आणि सिन्नरच्या गोंद्याला जाऊन फोन केला, 'शेठ, इथे तर कंपनीच नाही, हायवेचा नाका आहे.' वरचं डिझेल कोणी द्यायचं यावरून पुढे महिनाभर वाद. अंबड पण तसंच, आपली एमआयडीसी अंबड आणि जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं अंबड. मालेगाव नाशिकचं एक आणि वाशिमचं एक. पिंपळगाव तर मोजायलाच नको. म्हणून पिन आली की तालुका विचारा, पिनकोड विचारा, आणि गेटचा फोटो मागवा. नुसता गेट नाही, मोठ्या गाडीचं गेट कुठलं तेही विचारा, कारण पिन बहुतेक वेळा ऑफिसच्या दाराची असते. मग ती जागा कागदी नकाशावर बोट ठेवून एकदा बघा, दिशा बरोबर आहे का, एवढं केलं तरी नव्वद टक्के घोळ इथेच सापडतो.

वेळेचं गणित मोबाईलचं घेऊ नका. तो कारच्या वेगानं मोजतो, आपल्या गाडीला ८० चं स्पीड गव्हर्नर आणि भरलेली असली की चढाला वीस-पंचवीस. मी सपाटीला त्याच्या वेळेच्या दीडपट आणि घाट असला की दुप्पट धरतो, वर जेवण आणि टोलची रांग वेगळी. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिली होती, नोव्हेंबर २०२५ ला त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, पाळत कोण होतं ते आपल्याला माहीत, पण रूट लावताना तरी ५ तासांवर कुठे थांबायचं ते गाव पट्टीवर लिहा, म्हणजे झोप आल्यावर जागा शोधत बसावं लागत नाही.

कांद्याला ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) लागत नाही, पण अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा माल असेल तर बिलाची मुदत बघूनच रूट लावा. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि अंतर पोर्टल पिनकोडवरून स्वतः काढतं, तुम्ही लांबच्या रस्त्यानं गेलात म्हणून दिवस वाढत नाही. संपायच्या आधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढ्यातच मुदत वाढवता येते. गाडी बिघडली, घाट बंद झाला, तर पहिला फोन मेकॅनिकला आणि दुसरा ऑफिसला हे वाढवायला.

बारीकसारीक पण कामाचं: ट्रकची बॅटरी लाईन २४ व्होल्टची, कारचा स्वस्तातला चार्जर लावला तर जळतो, १२-२४ लिहिलेलाच घ्या. मोबाईल काचेला मधोमध लावू नका, मे महिन्यात तापून बंद पडतो आणि डावी बाजू पण झाकते, खाली डॅशबोर्डवर होल्डर बसवा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात रस्ता बघण्यासाठी मोबाईल वापरायला परवानगी आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं, हातात धरून बोलताना दिसलात तर दंड आहेच. आवाज चालू ठेवा, मराठीत बोलतो तो, बघायचं काम क्लीनरचं.

ट्रिपवरून आल्यावर पट्टी फेकू नका. जिथे जिथे काही वेगळं निघालं, नवीन बार, उखडलेला रस्ता, बंद झालेला पंप, ते त्याच कागदावर पेननं लिहा, वर तारीख टाका आणि ऑफिसच्या फाईलला लावा. पावसाळ्यातली पट्टी वेगळी ठेवा. नाशिक शहराचा भाग मात्र सध्या फाईलवरून वापरूच नका, २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, आज उघडा असलेला रस्ता उद्या खोदलेला असतो, तो त्या दिवशी सकाळी विचारूनच टाका.